चिखल्या

फाटकापाशी चिखल घोट्याच्या वर.
अख्खं रान सोडून ब्रॉनी तिथेच उभी राहते,
कारण गवत तिथे पडतं,
म्हणजे मीच टाकतो तिथे.
हे कळायला मला सबंध नोव्हेंबर लागला.

तालगार्थमध्ये याला चिखलाचा ताप म्हणतात.
थर्मामीटर लावून पाहिला. ताप नाही.
आहे ते चारातल्या तीन पायांना,
जिथे केस पांढरे आणि खालची कातडी गुलाबी.
काळा पाय मजेत.
झुबक्यात हात घातला की डोळ्यांआधी बोटांना लागतात
खपल्या, तांदळाच्या कण्यांएवढ्या,
आणि त्यांच्या बुडाशी ओल.

पहिल्या दिवशी मी त्या नखाने उपटल्या.
तिने लाथ मारली नाही.
पाय नुसता उचलला आणि अधांतरी धरून ठेवला,
पाहुण्याच्या हातात रिकामा कप राहावा
आणि तो कुठे ठेवायचा ते कळू नये, तसा.
लाथ परवडली असती.

ग्वेनेथ प्रॉसर, खुब्याचं हाड मोडून ब्रेकनच्या वॉर्डात,
फोनवर म्हणाली, ‘बटाटे सोलतोयस का?
भिजव. सुटतील तेवढ्याच घे, बाकीच्या उद्या.
आणि धुतात रे सगळेच.
पुसतं कोण?’

मग कात्रीने झुबके उतरवले.
बादलीत कोमट पाणी, त्यात औषध,
पाणी जेमतेम गुलाबी होईल एवढंच.
लावायचं, आणि दहा मिनिटं तसंच राहू द्यायचं.
ही बाटली मी दुकानात रोज विकतो, लेबल तोंडपाठ,
पण दहा मिनिटं इतकी लांब असतात
ते लेबलवर नव्हतं.

घोड्याजवळ गुडघे टेकायचे नाहीत, पटकन उठता आलं पाहिजे.
मी उकिडवा बसतो.
नाल ठोकायला येणारा इद्रिस बघतच राहिला.
या गावात माझं कौतुक झालं ते एवढ्याच एका गोष्टीचं.

त्या दहा मिनिटांत
एकदा, मी न बोलावता, वेल्हे आलं.
लावणीच्या दिवसांत आईला चिखल्या व्हायच्या,
बोटांच्या बेचक्यांत पांढरट, भेगाळलेल्या.
रात्री चुलीसमोर पाय पसरून
ती मेंदीचा वाटलेला पाला एकेका फटीत भरायची.
मी शेजारीच, तोंडापुढे भूगोलाचं पुस्तक.
दिवाळीला वाकायचो तिच्या पायांवर,
वरच्यावर, हात लागला न लागला असा.
बोटांच्या मध्ये काय आहे
ते वाकूनही दिसत नाही.

साधं पाणी. मग टॉवेल.
चोळायचं नाही, टिपायचं.
टाचेमागच्या खोबणीत बोट घालून बघायचं,
ओलं असेल तर दुसरा टॉवेल, मग तिसरा.
मलम कोरड्यावरच,
नाहीतर ओल आत कोंडून बसते आणि वरून सगळं छान दिसतं.
संध्याकाळी चिखल लागलाच तर पाण्याचा पाइप धरायचा नाही,
रात्रभर वाळू द्यायचा, सकाळी ब्रशने झाडायचा.
घाई केली की बिघडतं, हे एव्हाना कळलेलं.

तरी जानेवारीत मागचा उजवा सुजला, खांबासारखा.
डॉक्टरीण आली, इंजेक्शनं झाली,
बिल बघून मी दोनदा चष्मा पुसला.
मग इद्रिसच्या ट्रेलरमधून दगडाची खडी आणली,
फाटकात ओतली, वर लाकडाचे तुकडे,
आणि गवत टाकू लागलो वर, उंचवट्यावर, झाडाखाली.
ब्रॉनी तीन दिवस फाटकातच उभी.
चौथ्या दिवशी चढली.

मार्चमध्ये ग्वेनेथ वॉकर ढकलत आली.
मला काही विचारलं नाही.
गोठ्यातल्या स्टुलावर बसली, काठीने पाय पुढे मागितला,
आणि ब्रॉनीने दिला.
नवे केस बोटभर वाढलेले, स्वच्छ, पांढरे.
ग्वेनेथने ते उलटे फिरवले,
खोबणीत अंगठा घातला, डोळे मिटले,
बराच वेळ.

‘एक राहिलीय,’ म्हणाली.
‘बादली आण.’