मोजपट्टीचं दुसरं टोक

तीस एप्रिलच्या आत घराभोवती पन्नास मीटर
झुडूप नको, वाळलं गवत नको,
पाइनचा शेंडा शेंड्यापासून दहा मीटर,
छपरापासून पाच. नाहीतर दंड.
लिस्बनहून आलेला हा कागद
आज मी सातव्या दारात वाचून दाखवला.

दोना झुल्मीराने तो उलटा करून पाहिला,
मागे काही लिहिलंय का म्हणून.
मग म्हणाली, शेळ्या होत्या तेव्हा
हे सगळं त्या खायच्या,
आणि सही मागायच्या नाहीत.

अंगणातला पाइन छपरापासून तीन मीटर दहा.
त्याला तिची कपड्यांची दोरी,
दोरीवर दोन चादरी, एकटा मोजा.
ढिली धर ना जरा, ती म्हणाली.
ढिली धरली.
साडेतीन.

त्या ऑक्टोबरानंतर
मी या रस्त्याने उभी राहिलेली घरं मोजली होती.
बहुतेकांभोवती बटाट्याचं वावर होतं.
हे तिला सांगितलं नाही.
तिनेही नाही सांगितलं
तिच्या बहिणीचं घर कुठलं होतं ते.

कोबीच्या वाफ्यातून पट्टी नेली, विहिरीला वळसा घालून.
बाविसाव्या मीटरला बांधाचा दगड.
तिथून पुढे निलगिरी. अदेलिनोची.
तो फ्रान्समध्ये वारला, वारस अकरा,
पत्ता एकाचाही नाही.
त्याच्या दारावर नोटीस लावली होती,
मग दार पडलं.
म्हणून यंदा निलगिरीलाच ठोकली,
सालीच्या लोंबत्या चिंध्यांमध्ये
तीही एक.

माझे बावीस मी करीन, झुल्मीरा म्हणाली,
त्याचे अठ्ठावीस कोण करणार?
नगरपालिका करेल, मी म्हणालो.
कधी?
माझ्याकडे फक्त पट्टी होती.

तिने पट्टीचं टोक माझ्या हातातून घेतलं,
कंबरेला ॲप्रनच्या नाडीत खोचून गाठ मारली,
आणि सपाता घालूनच दगड ओलांडला.
दुसऱ्याच्या रानात असं शिरता येत नाही,
हे सांगणं माझं काम होतं.
काटेरी पिवळ्या फुलांत ती डोक्यापर्यंत बुडाली.
आतून ओरडली, झाले का पन्नास?
अजून सहा.
पाच.
थांब.

पट्टी ताठ झाली.
ती दिसत नव्हती. कोयता कधी घेतला होता कोण जाणे,
पण बोटांना
पट्टीतून एकेक घाव कळत होता.