नऊने भाग जातो?

पहिल्या दिवशी परचुरे सरांनी मला कायदा शिकवला नाही.
नौपाड्यात, भांड्यांच्या दुकानावर, दुसरा मजला:
हातात हिरवी पेन्सिल दिली
आणि व्हाउचरांचे बावीस गठ्ठे.
"टिक करत जा. पटणार नाही तिथे थांब."
संध्याकाळपर्यंत मी कुठेच थांबले नाही.
सर म्हणाले, "मढवी, इतकं जग पटतं तुला?"

करार तीन वर्षांचा. विद्यावेतन एवढं,
की ऐरोलीहून येण्याजाण्याचा पास निघावा
आणि उरलेल्यात झेरॉक्स.
पहाटे अभ्यास, दिवसा लोकांची विवरणपत्रं,
रात्री क्लासचं रेकॉर्डिंग, दीडपट वेगाने.
करकायद्याचे सर स्वप्नातही घाईघाईने बोलायचे.

एकतीस मार्चला वाशीला धाडलं,
मसाला मार्केटात, शिल्लक माल मोजायला.
ब्याडगी, गुंटूर, संकेश्वरी, छतापर्यंत थप्प्या.
मोजायचं, शिंकायचं,
शिंकलं की आकडा गेला,
पुन्हा पहिल्या पोत्यापासून.
हमाल म्हणाला, "ताई, आधी शिंकून घ्या, मग मोजा."
प्रत्यक्ष मोजणीवर पुस्तकात दोन पानं आहेत.
त्यांत शिंक नाही.

गाळ्याचे मेहताजी दामजीभाई,
बेचाळीस वर्षं एकाच गादीवर.
एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात खतावणी.
त्या रात्री तेरीज जुळेना, साडेचारशेचा फरक.
मी कॉम्प्युटरात साडेचारशे शोधले,
मग त्याचे निम्मे, सव्वादोनशे.
सुपारी कातरता कातरता त्यांनी विचारलं,
"नऊने भाग जातो?"
जात होता.
"मग पैसा नाही हरवला. आकडा फिरलाय कुठे तरी."
तीनशे ऐंशीची हमाली
आठशे तीस होऊन बसली होती.
हे मला पुढे एका पुस्तकातही सापडलं,
तळटीपेत, बारीक टायपात.

फायनलचा पहिला ग्रुप निघाला.
दुसऱ्यात, प्रत्यक्ष कर: सदतीस.
चाळीस हवे होते.
सदतीस. त्र्याहत्तर. फरक छत्तीस.
नऊने भाग जातो.
दोन आकडी कुठलीही संख्या उलटली
तरी असंच होतं, हे ठाऊक होतं मला.
तरी फी भरली, उत्तरपत्रिकेची प्रत मागवली.
आईला म्हटलं, आकडे उलटे बसलेत गं.
ती चादर पिळत होती.
"मंग सरळ करून घे," म्हणाली.

प्रत आली. दार लावून घेतलं,
हिरव्या पेन्सिलीला टोक काढलं
आणि माझंच ऑडिट केलं.
चार. साडेसहा. दोन. पुढे शून्य, शून्याला गोल.
बेरीज सदतीस. टिक.
पाचव्या उत्तरात, भांडवली नफ्यात,
प्रश्नातले पंचेचाळीस हजार
मी चोपन्न हजार उतरवले होते.
तिथे परीक्षकाची तिरकी लाल रेघ, दोन गुण गेलेले.
ते मिळाले असते तरी एकोणचाळीसच.
हे मी दोनदा तपासलं.

पुढच्या आठवड्यात वाशी.
दामजीभाईंनी निकाल विचारला नाही,
चार वेलच्या तळहातावर ठेवल्या.
"मी कुठल्या परीक्षेला बसलो नाही," म्हणाले,
"माझी सही कुठे चालत नाही, बेटा.
ताळा जमतो, सही चालत नाही."
हसले, की खोकले, कळलं नाही. मिरचीच्या गाळ्यात
दोन्हींचा आवाज सारखाच येतो.

नोव्हेंबरचा फॉर्म पिशवीत होता, कोरा.
त्यांनी एक बिल पुढे सरकवलं.
"वाच. मला दिसत नाही आता."
मी बोट ठेवून वाचू लागले, एकेक आकडा सुटा:
सात. एक. नऊ. दोन.
"पुन्हा," ते म्हणाले.