तिसरं गेट, अकरा मिनिटं

पूल व्हायच्या आधीची गोष्ट.
वरात वडगावची, नवरा कुद्रेमनीचा,
आम्ही पुढं, लाल कोटात,
कोटाला झालर आणि काखेत उसवण.
मी साइड ड्रमवर. माझ्या उजव्या हाताला
पास्कोल फुर्ताद, वय एकाहत्तर,
सॅक्सोफोनची एक कळ रबरबँडनं धरलेली.

गेट पडलं.

लोंढ्याकडनं मालगाडी, लाल माती भरलेली.
इंजिन तेवढं पुढं गेलं आणि बाकीची गाडी
आठवत आठवत यावी तशी येत राहिली.
घोड्यानं लीद टाकली. नवरदेवानं घड्याळ बघितलं.
पोरांनी बिड्या पेटवल्या.
पास्कोल मात्र रुळांकडं कान लावून उभा,
सांध्यावरनं चाक जातंय, धडधड, थांब, धडधड,
आणि मला म्हणाला, "भरमा, हे धर. सोडू नकोस.
खरं जोरात नको, ब्रशनं वाजवल्यागत."
ब्रश कुठला? मी बोटांनी वाजवलं.

पहिल्यांदा तो काहीच वाजवेना.
दोन डबे गेले, तीन डबे गेले.
मग एक सूर, खालचा, घोगरा,
झोपेतनं उठून दार उघडणाऱ्या माणसाचा असतो तसा,
आणि तो सूर त्यानं वाकवला.
पेटीवर शोधला मी नंतर किती दिवस.
दोन पट्ट्यांच्या मधी फट आहे, तिथं असणार तो.

कॅम्पात त्याच्या खोलीत काळ्या रेक्झिनच्या
एकोणीस डायऱ्या. दर कार्यक्रमाला एक ओळ.
कलकत्ता, हिवाळा. रात्री तीन सेट. जेवण मागच्या दारानं.
मुंबई. ट्रम्पेटवाला पिऊन पडला,
त्याचे सोलोही मीच घेतले. पगार एकाचाच.
उटी. श्रोते सहा. त्यातले दोन भांडत होते. चांगलं वाजलं.
मग हॉटेलांनी बँड काढले, टेपा लावल्या.
स्टुडिओत ऐंशी व्हायोलिनांच्या मागं खुर्ची:
"जॅझवाला कोण? दारूच्या सीनला तू."
चार मात्रांचा तुकडा. नाव कुठंच नाही.
त्यानंतर पानंच्या पानं कोरी,
आणि एकदम निळ्या शाईत:
बेळगाव. आई आजारी.

मोजायचा तो इंग्लिशमध्ये, शिव्या कोंकणीतनं,
उधारी मराठीत. बोर्ड कन्नडमध्ये करा
म्हणून माणसं आली आमच्या दुकानात,
तेव्हा शिडीखाली रंगाचा डबा त्यानंच धरला.
"अक्षरं कुठलीबी असूद्यात," पेंटरला म्हणाला,
"स्पेलिंग तेवढं बघ. माझं नाव आजवर
एका पोस्टरवर नीट आलेलं नाही."

गेटवर तो वाजवतच होता.
दूधवाल्यानं सायकल स्टँडला लावली.
गेटमन झेंडा काखेत धरून
केबिनच्या बाहेर आला.
पास्कोलच्या मानेची शीर फुगलेली, डोळे मिटलेले,
आणि मी पहिल्यांदाच बघितलं, की तो लाल कोट
त्याच्या अंगाला बरोबर बसतो.
कितीदा वाटलं, आता संपलं, जिना उतरून
हा खाली आला; तर मधल्याच पायरीवर
वळायचा, आणि परत वर.
माझी बोटं सुन्न. मी सोडलं नाही.

शेवटचा डबा गेला. गार्डानं शिटी मारली.
पास्कोलनं तोच सूर उचलला,
केसभर वर नेऊन ठेवला,
आणि थांबला.

"ए बँडवाले! नाचायचं लावा की कायतरी!"
नवऱ्याचा मामा.
लावलं. रूळ ओलांडताना मी विचारलं, हे काय होतं?
"सवय," म्हणाला,
आणि तोटीतली थुंकी झटकली.

रात्री अडीचला साडेतीनशे रुपये
आणि पाव किलो कुंदा घेऊन घरी गेला.
डायरी मी तो वारल्यावर बघितली.
त्या तारखेचं पान कोपऱ्यात दुमडलेलं:

तिसरं गेट. एक सेट, अकरा मिनिटं.
ड्रम: भरमा. घाई करतो, खरं ऐकतो.
श्रोते, घोडा धरून, चाळीस.
गार्ड थोडा बेसूर.