हातचा

पहाटे साडेपाचला, रस्त्यावरचे दिवे विझायच्या आत
पिवळा ट्रक ट्रेहर्बर्टचा चढ चढून आला
आणि त्याच्या टपावरचा दिवा
माझ्या न्हाणीघराच्या काचेवर गरगरत राहिला.
मी दात घासत होते. तोंडात फेस,
अंगात कामाचा निळा झगा,
खिशात मिसेस प्यूच्या घराची किल्ली.

खाली इमरिस.
शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा,
माझ्या खांद्यावरून गणितं उतरवायचा.
आता त्याच्या हातात साखळी होती
आणि बगलेत पॅड.
"तीन हप्ते थकलेत, नेरिस.
किल्ली दे, इथे सही कर,
म्हणजे तूही सुटलीस, मीही."
पेनसुद्धा त्यानेच दिलं.

कागदावर छापलं होतं:
गाडी स्वखुशीने परत करत आहे.
स्वखुशीने.
मी तो शब्द दोनदा वाचला.
एवढ्या थंडीत तो तिथे काय करत होता?

वाचनालयाच्या वरच्या खोलीत, फेब्रुवारीत,
दोन स्वेटर घातलेली सल्ला देणारी बाई
माझ्या फायलीवर बोट ठेवून म्हणाली होती:
एकूण किमतीचा तिसरा हिस्सा भरून झाला
की कोर्टाच्या हुकमाशिवाय
कुणी गाडीला हात लावायचा नाही.
पण तुम्हीच हो म्हणालात, तर संपलं.
म्हणून हो म्हणू नका.
सभ्यपणा म्हणूनसुद्धा नाही.

(आमच्या खोऱ्यात हे सगळ्यात अवघड.
आम्ही तर दाराशी आलेल्या पावसालाही
"ये बाबा" म्हणतो.)

"तिसरा हिस्सा झालाय," मी म्हटलं.
इमरिसने पॅड उलटं केलं, पाठीवर आकडे मांडले.
नऊ हजार सहाशेचा तिसरा हिस्सा, तीन हजार दोनशे.
दीडशेचे अठरा हप्ते, दोन हजार सातशे.
"पाचशे कमी पडतात गं,"
आणि त्याला खरंच वाईट वाटलं,
तेही मला दिसलं.

"हातचा विसरलास."
"कसला हातचा?"
"बाबांची व्हॅन."

इडवल प्रॉसरची पावाची व्हॅन.
खाण बंद झाल्यावर घेतलेली, दारं दोरीने बांधलेली,
बाबा गेल्यावर दोन वर्षं अंगणात गंजत उभी.
पहिल्या दिवशी शोरूमवाल्याने
नाक मुरडून तिची किंमत लावली, सहाशे पौंड,
आणि करारात लिहिली, दुसऱ्या पानावर,
बारीक अक्षरांत: जुनी गाडी, अनामत म्हणून.
ते पान मी फ्रिजवर चुंबकाने लावलं होतं.
आणून त्याच्या दिव्याखाली धरलं.

दोन हजार सातशे आणि सहाशे.
इमरिसचे ओठ हलत होते,
चौथीत हलायचे तसेच.
तीन हजार तीनशे.
शंभर जास्त.

मग तो भिंतीवर बसून ऑफिसला फोन लावत राहिला.
पलीकडे बराच वेळ नुसतं संगीत वाजलं.
मी त्याला चहा दिला.
(चहा म्हणजे संमती होत नाही ना,
हेही मी त्या बाईला विचारून ठेवलं होतं.)
शेवटी त्याने साखळी गुंडाळली, "कोर्टाचा कागद येईल हं" म्हणाला,
आणि रिकामा ट्रक उलटा उतरवत नेला,
कारण आमच्या गल्लीत वळायला जागाच नाही.

येईल. मला माहीत आहे.
तीन हप्ते अजून थकलेलेच आहेत
आणि गाडी माझी आहे असं मी म्हणत नाही.
पण तिला नेणाऱ्याने आधी न्यायाधीशासमोर उभं राहावं,
दिवसाउजेडी,
आणि मलाही तिथे बसायला खुर्ची असावी.

मिसेस प्यूकडे नऊ मिनिटं उशीर झाला.
बोट टोचलं, साखर पाहिली, इन्शुलिन दिलं.
वहीत आकडा लिहायला पेन काढलं
तर ते इमरिसचं होतं, कंपनीचं नाव छापलेलं.
शाई बरी होती.
सात पूर्णांक चार, लिहिलं,
आणि खाली माझी सही केली.