झगा एक

रात्री साडेअकराला मांगवनच्या लाँड्रीत
मागच्या दाराने युवराज आले,
झोपलेलं मूल कडेवर घ्यावं तसा
राज्याभिषेकाचा झगा घेऊन.
छातीवरच्या सोनेरी ड्रॅगनवर
किमचीचा रस्सा.

"आजी ओरडेल. म्हणजे, महाराणी."

बोराम हसली नाही.
चष्मा वर सरकवून
ड्रॅगनच्या मिशीला नख लावून पाहिलं.
"गुरुवारी या. नाव?"

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.
टपाल तिकिटावर चेहरा, नोटेवर आजोबा,
आणि ही पेन झटकत उभी.

"दोग्योम," म्हणताना कान लाल.
तिने लिहिलं: दोग्योम, झगा एक.
डाग ताजा. निघेल.

गुरुवारी ते आले
पांढरा सदरा घेऊन,
धुतलेला, कडक इस्त्रीचा.
तिने तो उलटून पालटून पाहिला
आणि पुन्हा पेन झटकलं.