लिफ्ट बंद आहे

फळ्यावर हळब्यांच्या अक्षरात तीन ओळी:
लिफ्ट बंद आहे. सुटा भाग यायचा आहे.
रहिवाशांनी सहकार्य करावे.
तारीख नाही.

टिळकनगर, चेंबूर. मी सातव्या मजल्यावर.
वय एक्कावन्न, गुडघे माझ्याहून मोठे.

रिपोर्ट दिवाळीआधीच आला होता.
तीन महिन्यांची साखर, आठ पूर्णांक दोन.
मी तो गॅसच्या पुस्तकात घातला,
पुस्तक कपाटात, पैठणीच्या घडीखाली.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चाला.
मी म्हटलं, हो.
लेकीने पुण्याहून बूट पाठवले, जांभळे.
त्यांत मी कांदे ठेवले नाहीत, इतकंच.

एका मजल्याला अठरा पायऱ्या.
सातव्यापर्यंत एकशे सव्वीस.
मोजत चढले, कारण मोजताना
दुसरं काही आठवत नाही.
दुसऱ्यावर कुणाची तरी हिंगाची फोडणी.
तिसऱ्यावर सावंतांचा मुलगा तबल्यावर तोच तुकडा
पुन्हा, पुन्हा, आणि पुन्हा चुकून.
चौथ्यावर एक प्लास्टिकची खुर्ची,
नलूताई खोतांनी दाराबाहेर काढून ठेवलेली.
"टेका हो. सगळेच टेकतात."
टेकले.
कानात कुणीतरी पाट्यावर चटणी वाटत होतं.
जरा वेळाने कळलं, ती मीच.

कोथिंबीर विसरले की अठरा गुणिले सात, खाली.
आठवड्यात मी काही विसरेनाशी झाले.
हे आरोग्यासाठी नव्हतं,
कुणी विचारलं तर सांगते.
आळसासाठी होतं.

आईचा अंगठा कापला तेव्हा आई बावन्नची होती.
अंगठ्याची चप्पल पायात राहीना.
तिने तिला मागून नाडी लावली,
परकराची, निळी,
आणि ओट्यापासून दारापर्यंत चालून दाखवलं:
"बघ, जमतं."
मला चैत्रात बावन्न लागतील.
हे मी एकशे चौथ्या पायरीवर आठवलं
आणि आकडा चुकला.
त्या दिवशी किती चढले, माहीत नाही.

तिसऱ्या आठवड्यात खुर्चीच्या हाताला
नुसता हात लावून पुढे निघाले.
मागून नलूताई, जरा हिरमुसल्या:
"आज बसणार नाहीस?"
मग बसले. त्यांच्यासाठी.
चहाचं आधण आधीच ठेवलेलं,
त्यांचा हात साखरेच्या डब्यात.
"मला बिनसाखरेचा," मी म्हटलं.
हे मी मोठ्याने कुणाला सांगितलं नव्हतं,
लेकीलाही नाही, आरशालाही.
"कधीपासून?"
"दिवाळीपासून."
त्या काही बोलल्या नाहीत.
साखरेच्या डब्याचं झाकण लावलं,
आणि दोन कप भरले, दोन्ही तसलेच.
चहा कडू होता. दोघींनी पूर्ण प्यायला.

संध्याकाळी बुटांची नाडी बांधायला बसले.
वाकताना पोट मधे आलं.
श्वास सोडून पुन्हा वाकले.

सुटा भाग आला, महाशिवरात्रीच्या आसपास.
हळब्यांनी नारळ फोडला, पेढे वाटले.
मी पेढा अर्धा खाल्ला. खोटं का बोलू?
नलूताईंनी खुर्ची आत नेली,
आणि चौथा मजला एकदम
कुठल्याही मजल्यासारखा दिसायला लागला.

त्यानंतरचे आठ दिवस मी लिफ्टने गेले.
आठ नाही, अकरा.
लिफ्टमध्ये आता नवा आरसा आहे,
पांढरा उजेड,
आणि सातवा फार लवकर येतो.

आज सकाळी गिरणीतून परतले तर
लिफ्ट खालीच, दार उघडं.
पिठाचा डबा आत ठेवला, सातचं बटण दाबलं,
दार लागेपर्यंत उभी राहिले
आणि जिन्याने निघाले.

वर पोचले. लिफ्ट होती, डबा नव्हता.
खालून सावंतांच्या पोराची हाक:
"मावशी, हा गरम डबा कुणाचा?
आमच्याकडे आलाय."

बहात्तर पायऱ्या खाली.
बहात्तर, डब्यासकट, वर.