वेलकम, गंगासागर

बटण दाबलं की आधी पंखा खोकतो,
मग काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं:
वेलकम, गंगासागर.
मी शिवकांता. पालमची. सेकंड इयर, कॉम्प्युटर.
पण साडेअकरा हजारांत
नावबदल येत नाही.

पावती आहे, वहीच्या पानावर,
एक जुना लॅपटॉप, चार्जरसहित, चालू स्थितीत.
चालू स्थितीत म्हणजे
चार्जर काढला की बंद,
झाकण पूर्ण उघडलं की बंद,
आणि एप्रिलात दुपारी दोन ते पाच
उगीच बंद.
मेसचं ताट पालथं घालून
त्यावर ठेवते मी त्याला.

कंपनीच्या नंबरला फोन लावला.
मराठीसाठी चार दाबा. दाबलं.
चारावर हिंदी लागली.
बाई गोड होती,
मॅडम मॅडम करत म्हणाली, मशीन उलटं करा,
खालचा नंबर वाचा.
निम्मे आकडे घामानं खाल्लेले,
उरलेले मोबाइलच्या उजेडात वाचले.
वॉरंटी संपून चार वर्षं झालेली
आणि आमच्या पिनकोडवर
माणूस येत नाही म्हणे.
"और कोई सहायता, गंगासागर जी?"
तिच्याकडंही तेच नाव.

म्हणून खदीरभाई.
स्टेशनजवळ, चष्म्याच्या दुकानाच्या जिन्याखाली,
बसायला एकच स्टूल,
त्यावर आधीच कुणाचा तरी प्रिंटर.
"काय व्हायलंय?"
"हँग व्हायलंय. तापायलंय. आपोआप बंद पडायलंय."
"मग राह्यलंच काय?"
अकरा स्क्रू काढून बाटलीच्या झाकणात ठेवले,
पंख्यात चिमटा घातला, ओढला,
तर कापूस.
धूळ नव्हे, केस नव्हेत. कापूस,
दाबून दाबून नमद्यासारखा झालेला.
"मानवतचं दिसतंय हे. नाहीतर सेलूचं.
जिनिंगशेजारचे लॅपटॉप
माझ्याकडं गादी होऊन येतात."

पेस्ट लावली. स्क्रू दहाच बसले,
अकरावा त्यांनी खिशात टाकला.
बटणावर बोट ठेवून म्हणाले,
बनी तो बनी, नहीं तो परभणी.
बनी.

"फॉरमॅट मारू? नाव जाईल, सगळं साफ,
मग बघ कसं पळतंय. तीनशे."
तीनशे होते माझ्याकडं.
मी म्हटलं, उद्या.

कारण बघितलं होतं मी, आदल्या आठवड्यात,
डी ड्राइव्हमध्ये, एकच फोल्डर:
बायोडाटा. बायोडाटा नवीन. बायोडाटा नवीन फायनल.
एकोणीस फाइली.
पहिलीत छंद: वाचन, रांगोळी, व्हॉलीबॉल.
सातवीत रांगोळी नाही.
बारावीत वाचनही गेलं.
शेवटचीत छंदांची ओळच काढलेली,
तिथं लिहिलंय, कुठंही काम करण्याची तयारी.
पुढं काही नाही.
मिळालं असेल. नसेल.
नोकरी लागली की माणसं नवा घेतात,
लग्न ठरलं की जुना विकतात.
किंमत दोन्हीकडं सारखीच येते.

कीबोर्डवरचा जी पार पुसलाय,
एचं नुसतं टोक उरलंय.
माझ्या नावातले के आणि टी
अजून कोरे करकरीत.

तो उद्या काही आला नाही.
मध्ये दोन सबमिशन झाली, एक व्हायवा,
चौदा नंबरच्या पोरी आता आपापली मशीनं घेऊन
माझ्याच खोलीत येतात,
मी पण विचारते, काय व्हायलंय,
आणि बाटलीचं झाकण पुढं ओढते.

परवा कॉलेजात कंपनी येणार म्हणून
मी माझा बायोडाटा केला.
सेव्ह त्याच फोल्डरमध्ये, विसावी फाइल.
छंद लिहायची ओळ परत घातली,
बराच वेळ कर्सर लुकलुकत राहिला,
मग लिहिलं: व्हॉलीबॉल.

मला व्हॉलीबॉल येत नाही.